देवमन बाबूंच्या कागदातली त्रुटी

देवमन सखाराम तायडे यांनी एकतीस वर्षं तहसील कचेरीत नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत एकही अर्ज पहिल्या फेरीत पुढे जाऊ दिला नाही. हे त्यांच्या वैऱ्यांचं म्हणणं नव्हे. ते स्वतःच ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. अर्जावर तारीख असली तर ठिकाण नसे, ठिकाण असलं तर वडिलांच्या नावातली वेलांटी चुकलेली असे, आणि सगळंच बरोबर असलं तर देवमन बाबू चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचत, कारण सगळंच बरोबर असणं हीच त्यांना संशयाची गोष्ट वाटे. मग समासात लाल शाईचा शेरा पडे : 'त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे.' लाच मात्र त्यांनी कधी चहाचीही घेतली नाही. लोक म्हणत, घेतली असती तर बरं झालं असतं, निदान काम तरी झालं असतं.

बायकोचं नाव पंचफुला. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला आलेल्या त्रुटींची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. किराण्याच्या यादीत 'गुळ' लिहिलं, तर यादी दुकानात जायच्या आधी परत येई, उकार लाल शाईनं दीर्घ करून. सातवी शिकलेल्या पंचफुलाबाई म्हणत, "दीर्घ असो का ऱ्हस्व, चहात सारखाच इरघळते." पण पुढच्या वेळी दीर्घ लिहीत. न लिहून सांगतात कुणाला? गूळ आला नसता.

निवृत्तीनंतर दोघं अकोला जिल्हा सोडून अमरावतीला आली. कठोरा रोडला दोन खोल्यांचं घर होतं. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, त्याखाली पेन्शनचे कागद साल लावून. एकुलता मुलगा ललित पुण्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. वीस वर्षांत पुण्यानं त्याला पुष्कळ काही दिलं आणि त्या बदल्यात फक्त भाषा घेतली. जाताना तो 'माय, मी जाऊन राहिलो' म्हणून गेला होता, पहिल्या सुट्टीत परत आला तो 'आई, मी निघतोय' म्हणत. पंचफुलाबाईंना आधी वाटलं, फोनवर कुणाशी तरी बोलतो आहे.

त्र्याहत्तराव्या वर्षी देवमन बाबूंच्या हृदयात त्रुटी निघाली. पंप तीस टक्केच चालत होता. ते ज्यांच्याकडे जात त्या डॉ. गीतांजली काळमेघ गल्लीच्या डॉक्टर, म्हणजे नातवाच्या गोवरापासून आजोबांच्या गुडघ्यापर्यंत सगळं पाहणाऱ्या. गल्लीत त्यांच्याबद्दल दोन तक्रारी होत्या. पहिली, की बाई ऊठसूट सलाईन लावत नाही. बाटली लटकल्याशिवाय आजारपणाला वजन येत नाही हे त्या शिकलेल्या बाईला कळू नये, याचं लोकांना वाईट वाटे. दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. दर गुरुवारी दुपारी त्या सत्तरीपुढच्या पेशंटना निवांत बसवत आणि विचारत, उद्या तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर तुमच्यासाठी काय करायचं आणि काय नाही, हे आज सांगून ठेवाल का?

"मराच्या गोठी करते म्हने," शेजारीण सांगून गेली. "चांगल्या भल्या मानसाले!" शेजारणीच्या सासऱ्यांनी मरणाची गोष्ट कधीच काढली नव्हती. ते अकरा दिवस काचेआड होते, आणि शेवटी त्यांना काय हवं होतं याबद्दल तिन्ही मुलांची तीन मतं होती. ती मुलं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पण शुभ-अशुभ घराण्यानं व्यवस्थित पाळलं होतं.

देवमन बाबूंना मात्र डॉक्टरीणबाईंचा प्रश्न ऐकून आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात बरं वाटलं. मरण म्हणजे शेवटी एक प्रकरणच, आणि प्रकरण म्हटलं की कागद आला.

"याचा विहित नमुना कोनता?" त्यांनी विचारलं.

"नमुना काई लागत नाही, काका. तुमच्या मनातलं लिवा. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आन् तुमच्या वतीनं बोलनारे घरचे कोन, त्यायची नावं. एक प्रत माह्या फायलीत राहीन."

नमुना नाही हे ऐकून देवमन बाबू दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मसुदा केला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर इसमाचा देह अंत्यावस्थेप्रत पोहोचल्याचे निदर्शनास आल्यास...' असा तो चार पानं चालला होता. डॉक्टरीणबाईंनी तो शांतपणे वाचला आणि पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

"काकू, तुमाले काय समजलं?"

"इतकंच समजलं का कोनाची तरी जमीन मोजाची हाये."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "काका, हा कागद कचेरीत नाही वाचल्या जानार. तुमी बेशुद्ध असान आन् घरचे रडून राहिले असतीन, तवा वाचल्या जाईन. काकूसोबत बोलता तसं लिवा. तुमचा आवाज आला पाह्यजे त्याच्यातून."

असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. बोलतो तसं लिहायचं! एकतीस वर्षं लोकांनी बोलल्यासारखे लिहिलेले अर्ज त्यांनी परत पाठवले होते. पण डॉक्टरीणबाईंवर विश्वास होता, कारण त्या औषधाच्या चिठ्ठीवर तारीख न चुकता घालत. असे चार गुरुवार गेले. एका गुरुवारी ते रडले, ते पंचफुलाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या वडिलांना शेवटी सतरंजीवर ठेवलं होतं आणि त्यांचा हात आपल्या हातात होता, तेवढंच आपल्यालाही पाहिजे, असं ते म्हणाले. शेवटी कागद झाला तो एवढाच :

'मी देवमन सखाराम तायडे, वय ७३, हे शुद्धीत लिहून राहिलो. मी दुखण्यातून बरा होऊन राहिलो असलो तं सगळे उपाय करा. मरून राहिलो असलो तं काहीच करू नका. नळ्या नको, मशीन नको. मले घरी न्या आन् माहा हात पंचफुलाच्या हातात द्या. माह्यासाठी बोलनारे : पंचफुला आणि ललित.'

नोटरीनं शिक्का मारला. त्याच्या शिक्क्यातली तारीख आदल्या दिवसाची निघाली, ती देवमन बाबूंनी बदलून घेतली. एप्रिलमध्ये ललित आला तेव्हा त्यानं एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं संमतीची सही केली. वाचलं नाही. "बाबा, तुम्ही शंभर वर्षं जगणार आहात," असं मात्र म्हणाला. अशी वाक्यं पुण्याहून येतानाच पाठ करून आणलेली असतात.

देवमन बाबू शंभर वर्षं जगले नाहीत. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, पुतणी पायलच्या लग्नासाठी दोघं अकोल्याला गेली. अकोल्याच्या मे महिन्याबद्दल काही सांगायला नको. कावळेही सावलीतून सावलीत उडतात. हॉलच्या दारावर मोठा बॅनर लागला होता, त्यावर 'मंगल परीणय' असं लिहिलेलं. देवमन बाबू जागेवरच थबकले. वधूवर, पाहुणे, जेवणाची पंगत सगळं बाजूला राहिलं. बॅनर बांधणाऱ्या माणसाला बोलावून ते म्हणाले, "र ले पहिली पाह्यजे. दुसरी कोनं देली?" त्या माणसानं विचारलं, "कोनती दुसरी?" देवमन बाबूंनी हात वर केला, बोट वेलांटीकडे गेलं, आणि तिथेच त्यांचं तोंड वाकडं होऊन ते खाली बसले. त्यांच्या तोंडून निघालेला शेवटचा पूर्ण शब्द 'त्रुटी' होता, असं बॅनरवाला नंतर सगळ्यांना सांगत होता. खरंही असेल.

मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. घाईघाईनं लोकांनी त्यांना जवळच्या मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं, आणि कुणी काही विचारायच्या आत नळ्या, मशीन सगळं लागलं. त्यात कुणाची चूक नव्हती. दारात आलेल्या माणसाला डॉक्टर आधी वाचवणारच. चूक पुढे झाली.

त्या विभागाचे प्रमुख डॉ. अश्विन जगताप पुण्याचे होते. दीड वर्षापूर्वी अकोल्यात आलेले, हुशार, मृदू बोलणारे, खोटी आशा न दाखवणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी ललित पोचला तेव्हा त्यांनी मायलेकांना केबिनमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं, "मेंदूचं फार नुकसान झालंय. हृदय आधीच कमजोर. ते शुद्धीवर येतील असं मला वाटत नाही. मशीनवर काही आठवडे जाऊ शकतात."

"तुम्ही सगळं करा डॉक्टर," ललित म्हणाला. "सगळं."

'सगळं' हा शब्द लांबून आलेल्या मुलांना फार आवडतो. वर्षातून दोनदा भेटलेल्या बापासाठी एकदम सगळं करता येतं, आणि करायचं दुसऱ्यानेच असतं.

पंचफुलाबाईंनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. देवमन बाबूंनी पाच प्रती करून ठेवल्या होत्या, त्यातली एक लग्नाच्या आहेराबरोबर पिशवीत होती, कारण ते सांगायचे, कागद मानसाच्या आधी पोचला पाह्यजे. डॉ. अश्विननी शिक्का पाहिला, सह्या पाहिल्या. मजकूर दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर आदर आणि गोंधळ दोन्ही आलं.

"असा कागद क्वचित पाहायला मिळतो," ते म्हणाले. "आम्ही तो मानतोच. पण बघा, इथे काय लिहिलंय. 'बरा होऊन राहिलो' तर सगळे उपाय करा. म्हणजे बरे झाल्यावर. आणि 'मरून राहिलो' तर काही करू नका. म्हणजे मृत्यू झाल्यावर. आत्ता ते बरेही झालेले नाहीत आणि गेलेलेही नाहीत. या मधल्या अवस्थेबद्दल कागद काहीच बोलत नाही."

पंचफुलाबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मधली म्हंजे? तेच तं लिवलं हाये डॉक्टर. मरून राहिले म्हंजे..."

"मरून राहिले म्हणजे गेले, आजी," डॉ. अश्विन लहान मुलाला समजवावं तसं हळू म्हणाले. "ते अजून आहेत. धीर धरा." आणि ललितकडे वळले. "तुमचं नाव आहे यात. तुम्हालाही असंच वाटतं ना?"

ललितनं कागद हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा वाचला. मग खिशातला फोन काढून उगाच पाहिला आणि म्हणाला, "हो. तसंच दिसतंय."

पासष्ट वर्षं जी भाषा बोलली तिचा अर्थ पुण्याहून आलेल्या दोन माणसांनी पंचफुलाबाईंना समजावून सांगितला, आणि त्यातला एक त्यांनीच नऊ महिने पोटात वाढवला होता. त्या उठल्या. बाहेर येऊन बाकावर बसल्या.

दोन दिवस त्या बाकावरच होत्या. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं आत सोडत. नळी ओढू नये म्हणून देवमन बाबूंची दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेला बांधली होती. पंचफुलाबाईंनी हात हातात घ्यायचा प्रयत्न केला, तर पट्टी आडवी आली. नर्स म्हणाली, "मावशी, हात नका लावू, सुई सरकते." माणसानं वर्षभरापूर्वी नोटरीच्या शिक्क्यानिशी मागितलेली एकच गोष्ट होती ती, आणि तीच तेवढी नियमात बसत नव्हती. पंचफुलाबाईंना रडू आलं नाही, राग आला. डॉक्टरचा नाही, कारण त्याला भाषा येत नव्हती. ज्याला ती येत होती, त्याचा राग आला. बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉ. गीतांजली दुसऱ्या दिवशी सकाळची ओपीडी बंद ठेवून स्वतः गाडी चालवत अकोल्याला आल्या. पेशंट दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, फी शून्य, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर ऊन. व्यवसाय कसा करू नये हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी आपल्याकडची प्रत आणली होती, आणि तिच्याबरोबर फाइल. फाइलमध्ये चारही गुरुवारांच्या नोंदी होत्या : काका काय म्हणाले, काय विचारलं, कुठे रडले.

"सर," त्या डॉ. अश्विनना म्हणाल्या, "आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे करतो आहे. 'मरून राहिलो' म्हणजे मी मरतो आहे, मरणाच्या वाटेवर आहे. काकांनी नेमकं याच अवस्थेबद्दल लिहिलंय."

डॉ. अश्विनचा चेहरा पडला. "म्हणून!" ते म्हणाले. "एक पेशंट मला रोज सांगायचा, 'डॉक्टर, मी श्वास घेऊन राहिलो.' मी म्हणायचो, घेऊन राहू नका, सोडा." कुणी हसलं नाही. ते पुन्हा गंभीर झाले. "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे. पण मशीन काढायचं तर दोन समित्यांसमोर प्रकरण जाणार. कागदात ज्यांचं नाव आहे त्यांनी याचा अर्थ सांगायला हवा. ललित सर, तुम्ही इथेच वाढलात ना? काय अर्थ होतो याचा?"

ललित म्हणाला, "म्हणजे... दोन्ही अर्थ निघू शकतात. बाबांच्या मनात नेमकं काय होतं, हे आता कोण सांगणार?"

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते हे. पंचफुलाबाई उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. शेहेचाळीस वर्षं त्रुटी ऐकून घेतलेल्या बाईनं पहिल्यांदा एक त्रुटी काढली.

"काहून रे ललित? शाळेतून ये तं भाकरीवर बसे. मी आवाज देवो, काय करून राहिला, तं तू म्हने, 'माय, जेवून राहिलो.' तवा मी काय तुह्यं जेवन झालं समजून ताट उचलून नेलं का?"

 ललित जमिनीकडे पाहत राहिला. त्याचे खांदे हलायला लागले, आणि वीस वर्षं इस्त्री करून ठेवलेली भाषा एका दमात चुरगळली.

"समजलं होतं वं, माय. पयल्याच दिवशी समजलं होतं. पन तो कागद वाचला असता, तं बाप मरून राहिला हे मलेच म्हना लागलं असतं."

पंचफुलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. राग गेला नव्हता, पण हात ठेवला.

"मंग म्हन," त्या म्हणाल्या.

त्यानं म्हटलं. डॉ. अश्विनकडे पाहून, सरळ, त्याच शब्दांत. आणि डॉ. अश्विननी पंचफुलाबाईंची माफी मागितली. मोठ्या दवाखान्यात ही गोष्ट रोज पाहायला मिळत नाही, म्हणून ती इथे सांगायला हवी.

पुढे दीड दिवस कागद फिरले. एक समिती दवाखान्यातल्या डॉक्टरांची, दुसरीत एक डॉक्टर बाहेरचा. माणसाला जन्माला यायला कुणाची मंजुरी लागत नाही, जायला दोन समित्या लागतात. देवमन बाबूंना ही व्यवस्था फार आवडली असती. दुसऱ्या समितीतल्या डॉक्टरांनी तर एका रकान्यात तारीख राहिली म्हणून अख्खा संच परत पाठवला. ते ऐकून पंचफुलाबाई चार दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "यायले सांगा," त्या खाटेकडे मान करून म्हणाल्या, "यायच्याच जातकुळीचा कोनी तरी भेटला." डॉ. अश्विन 'जातकुळी' ऐकून दचकले, तेव्हा ललितनं घाईनं सांगितलं, "त्रुटी काढणाऱ्यांची, सर."

नळ्या निघाल्या. मनगटाच्या पट्ट्या पंचफुलाबाईंनी स्वतः सोडल्या. देवमन बाबू आपल्या श्वासावर, रुग्णवाहिकेतून, मूर्तिजापूर-बडनेरा करत अमरावतीला आले, आणि मागून डॉक्टरीणबाईंची गाडी. घरी सतरंजी अंथरली होती. त्रास होऊ नये म्हणून लागणारी औषधं डॉक्टरीणबाई देत होत्या. सलाईन नव्हतं, त्यामुळे शेजारणीला दुःख झालं. देवमन बाबू आणखी दीड दिवस जगले. त्यांचा हात पंचफुलाबाईंच्या हातात होता, पायाशी ललित बसून होता, आणि दुपारी चहाच्या वेळेला श्वास थांबला. पंचफुलाबाईंना फार वेळ ते कळलं नाही, कारण हात अजून गरम होता. मग कळलं, आणि तेव्हा त्या मोकळ्या रडल्या. त्रिशरण-पंचशील झालं. आलेल्या लोकांनी 'बाबू सुटले' म्हटलं. त्यात तीन-चार जण असे होते ज्यांचे अर्ज त्यांनी कधी तरी परत पाठवले होते. तेही रडले.

तीन महिन्यांनी ललित रजा काढून आला, तेव्हा पंचफुलाबाईंनी त्याला गुरुवारी दवाखान्यात नेलं. त्यांच्या बोटांचे सांधे धरले होते, लिहिणं जमत नव्हतं.

"माहा कागद कराचा हाये," त्या म्हणाल्या. "हा लिवते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, या बारीले आपन कंसात पुस्तकी मराठीतही लिवू. पुन्हा कोनी पुन्याचा डॉक्टर भेटला तं घोटाळा नको."

"कंस कायले?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "ज्याले कळनार नाई, त्यानं माह्या पोराले इचारावं. सांगाले तो हाये ना आता."

ललितनं कागद घेतला. त्या बोलत गेल्या, तो लिहीत गेला. एका जागी अडखळला, मग भराभर पुरं करून कागद आईपुढे ठेवला. पंचफुलाबाईंनी चष्मा लावला. पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्या ओळीवर थांबल्या. तिथे लिहिलं होतं, 'मी मरत असेन तर'.

त्यांनी पिशवीतून देवमन बाबूंचा लाल पेन काढला. आखडलेल्या बोटांनी, वेळ लागला पण, समासात लिहिलं : 'त्रुटी.' आणि कागद परत केला.

ललितनं ती ओळ खोडली. मग मान खाली घालून बसला. पेन टेकलेला, पण हलेना.

"काहून थांबला?" त्यांनी विचारलं.

"थांबलो नाई, माय," तो म्हणाला. "लिहून राहिलो."

पंचफुलाबाईंनी कागदासाठी हात पुढे केला नाही. त्याचं लिहून व्हायचं होतं अजून.